आधी बाळ, मग गोचरी

पर्युषणाचे आठ दिवस स्थानकात अंतगड सूत्राचे वाचन चालते. धुळ्याला, माझ्या माहेरी, आम्ही मुली आजीच्या शेजारी ओळीने बसत असू आणि गजसुकुमालाची कथा कधी येते याची वाट पाहत असू. त्या कथेच्या आरंभी द्वारकेत देवकी मातेच्या घरी दोन-दोनच्या जोडीने सहा अनगार गोचरीसाठी येतात. सर्वांचे रूप अगदी सारखे. तेच मुनी पुन्हा पुन्हा आले की काय, अशी शंका देवकीला येते. पुढे भगवान अरिष्टनेमींकडून तिला कळते की हे सहाही तिचेच पुत्र आहेत; जन्मताच दुरावलेले, सुलसेच्या घरी वाढलेले. ती त्यांच्या वंदनाला जाते, त्यांना डोळे भरून पाहते आणि तिच्या स्तनांना पान्हा फुटतो. घरी परतल्यावर ती शोक करीत बसते. सात पुत्रांना जन्म दिला. पण एकालाही अंगावर पाजण्याचे, मांडीवर खेळविण्याचे सुख मिळाले नाही, हा तो शोक.

लहानपणी मला या भागाचे नवल वाटे. राजवैभव आहे, श्रीकृष्णासारखा पुत्र आहे. मग ही माता रडते कशासाठी? त्याचे उत्तर मला माझ्या पहिल्या बाळंतपणात मिळाले. माझे मूल माझ्याच मांडीवर होते आणि तरीही मी त्याला पाजू शकले नव्हते.

पहिले बाळंतपण

माझी थोरली कन्या माहेरी जन्मली. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली. मी एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत आणि दोघींच्या मध्ये काळजी करणारी पुष्कळ माणसे. आपल्या घरांत मध वर्ज्य असल्यामुळे बाळाला मध चाटवीत नाहीत. त्याऐवजी गुळाचे पाणी दिले गेले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तिला प्रथम माझ्याजवळ आणले. जे थोडेसे घट्ट, पिवळसर दूध येत होते ते पाहून नात्यातील एका वृद्ध बाईंनी सांगितले, "हे साठलेले दूध. बाळाला जड पडेल. पिळून टाक." मी पिळून टाकले. तिसऱ्या दिवशी 'दूध उतरलेच नाही' असे ठरले आणि घरात पावडरचा डबा व बाटली आली.

यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. बाटलीतून बाळ विनासायास पिऊ लागले. अंगावर घेतले की तोंड फिरवून रडू लागले. ते रडले की कोणीतरी म्हणे, "हिचे पोट भरत नाही." मग पुन्हा बाटली. बाटली जसजशी वाढली तसतसे माझे दूध आटत गेले आणि सातव्या आठवड्यात ते संपले. दिवसभर मी कोणाला काही बोलले नाही. रात्री सारे निजल्यावर मात्र देवकी मातेची आठवण झाली.

कन्या आज सहा वर्षांची आहे, सुदृढ आहे, खोडकर आहे. म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगते. काही मातांना आजारपणामुळे, औषधांमुळे किंवा अन्य कारणाने खरोखरच पाजता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले पर्यायी दूध हाही त्या बाळाचा आधारच आहे, आणि त्या मातेने स्वतःला अपराधी मानण्याचे कारण नाही. माझी अडचण मात्र शरीराची नव्हती. ती माहितीची होती आणि आधाराची होती. हे कळायला मला साडेचार वर्षे लागली.

जे तेव्हा ठाऊक नव्हते

दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर मी आधीपासूनच विचारपूस सुरू केली. पहिली गोष्ट कळली ती चिकाची. गाय व्याली की तिचा चीक वासराला मिळालाच पाहिजे, यावर आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्याचा कटाक्ष असतो. बाईच्या चिकाला मात्र आपण 'साठलेले दूध' म्हणून टाकून देतो. प्रसूतीनंतर पहिले दोन-चार दिवस येणारे हे पिवळसर दूध प्रमाणाने थोडे असते, आणि नवजात बाळाची गरजही तेवढीच असते. रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये त्यात विपुल असतात. भरभरून दूध येण्यास प्रसूतीनंतर दोन-चार दिवस लागतात; शस्त्रक्रियेनंतर कधी थोडा अधिक विलंब होतो. ते दिवस धीराने काढायचे असतात. मी तिसऱ्याच दिवशी हार मानली होती.

दुसरी गोष्ट दूध बनते कसे याची. आपली समजूत अशी की स्तन म्हणजे माठ. माठात असेल तेवढेच मिळणार. प्रत्यक्षात ते विहिरीसारखे आहे. विहीर उपसली की झरे मोकळे होतात. उपसा थांबला की झरे बुजतात. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूकडून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते वाहते करते. रात्रीच्या वेळी प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे विशेष महत्त्वाचे. भीती, वेदना आणि मानसिक ताण यांमुळे ऑक्सिटोसिनच्या कार्यात अडथळा येतो. म्हणजे "तुला दूध नाही" असे आईला वारंवार ऐकविणे हेच दुधाच्या आड येते, आणि प्रत्येक बाटलीगणिक विहिरीचा एक उपसा चुकतो. पहिल्या वेळी माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत पाजण्यास आरंभ करावा, सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके शंभरात सुमारे ४२ आहेत आणि सहा महिन्यांखालील बालकांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेली शंभरात सुमारे ६४. म्हणजे माझ्या घरी घडले ते अनेक घरांत घडत आहे.

वैशाखातले बाळ

चिरंजीव जळगावी जन्मला, तोही शस्त्रक्रियेनेच. परंतु या वेळी मी शुद्धीवर होते आणि माझ्या विनंतीप्रमाणे बाळाला लवकर छातीशी दिले गेले. गुळाचे पाणी नको, असे मी घरी आधीच सांगून ठेवले होते.

म्हणून सारे सोपे झाले असे नव्हे. पहिल्या आठवड्यात चिरा पडल्या. बाळ जवळ घेताना मी दात आवळून बसत असे. एका परिचारिकेने शेजारी बसून माझी बैठक दुरुस्त केली. बाळाने तोंड मोठे उघडेपर्यंत थांबावे. केवळ बोंडी नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही बराचसा त्याच्या तोंडात जावा. हनुवटी स्तनाला टेकावी आणि त्याचे पोट आईच्या पोटाला लागावे. एवढ्या बदलाने दोन-तीन दिवसांत वेदना ओसरली. हे पाच मिनिटांचे शिक्षण पहिल्या वेळी मिळाले असते तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

शेजारच्या एका मावशींचा आग्रह लसणाचा. लसूण खाल्ल्यावाचून दूध येत नाही, असे त्या सांगत. आपल्याकडे कंदमुळे वर्ज्य. माझ्या मनात नसता गोंधळ उभा राहिला. डॉक्टर हसून म्हणाले, "दूध लसणाने येत नाही, बाळाच्या ओढण्याने येते." डिंकाचे लाडू, सुंठ, अळिवाची खीर, बाळंतशेपा हे सारे माझ्या सासूबाईंनी मनापासून केले. घरातील सर्वजण त्यांना 'बाई' म्हणतात. त्या आहाराने माझ्या अंगात शक्ती आली. विहिरीचा उपसा मात्र बाळालाच करावा लागला.

मग उन्हाळा आला. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. बाळाला पाहायला येणारी प्रत्येक व्यक्ती म्हणे, "घसा सुकत असेल हो बाळाचा, दोन चमचे पाणी द्या. तुमच्याकडे तर उकळलेलेच असते." पाणी शुद्ध होते, यात शंका नाही. परंतु आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असते. कडक उन्हाळ्यातही त्या वयाच्या बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते. पाण्याने पोट भरले की ते दूध कमी ओढते, एवढेच. बाळाला पुरेसे मिळते की नाही याची खूण त्याच्या रडण्यात शोधू नये. बाळ उकाड्याने, झोपेने किंवा नुसते कुशीत येण्यासाठीही रडते. पहिला आठवडा सरत आल्यावर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, आणि आरंभी उतरलेले वजन दोन आठवड्यांच्या सुमारास भरून येऊन पुढे वाढत असेल, तर दूध पुरते आहे. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ओल्या लंगोटांच्या रेघा ओढत असे. पाहुणे "पोट भरत नाही वाटते" म्हणाले की बाई त्या रेघांकडे बोट दाखवीत.

खरी तहान लागे ती मला. लहानपणापासून माझा चौविहार कधी चुकला नव्हता. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. परंतु रात्री दोन वाजता बाळ ओढू लागले की माझा घसा कोरडा पडे, जीभ टाळूला चिकटे. काही रात्री तशाच काढल्या. एके पहाटे उठताना भोवळ आली. तेव्हापासून मी पाणी पिऊ लागले, पण चोरी केल्यासारखे, दिवा न लावता. सकाळी बाईंसमोर मान वर करवत नसे.

रिकामे गेलेले पात्र

आषाढ सरत आला होता. चातुर्मास सुरू झाला होता. त्या दिवशी बाई बाहेर गेल्या होत्या, यजमान दुकानी होते. मी बाळाला घेऊन बसले होते, तोच दारात महासतीजींची पावले वाजली. घरी बसल्या साध्वीवृंद यावा, यासारखे भाग्य नाही. हाताला कच्चे पाणी लागलेले नव्हते, सचित्ताचा स्पर्श नव्हता. मी सूझती होते. बाळाला घाईने पाळण्यात टाकले, पदर सावरला आणि "मत्थएण वंदामि, पधारा" म्हणत उठले. अर्धवट प्यालेले बाळ कळवळून रडू लागले.

महासतीजींनी पुढे केलेले पात्र मागे घेतले. शांतपणे म्हणाल्या, "बाई, बाळ भुकेले आहे. आधी त्याला घ्या. आता आम्हाला कल्पणार नाही." मी विनविले, त्या थांबल्या नाहीत. बाळाला पुन्हा जवळ घेतले तेव्हा तो शांत झाला आणि मी रडू लागले. माझ्या दारातून साध्वी रिकाम्या गेल्या होत्या.

बाईंनाही ते ऐकून वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मला व बाळाला घेऊन त्या स्थानकात आल्या आणि काही दोष घडला असल्यास प्रायश्चित्त द्यावे, असे त्यांनी विचारले. महासतीजी म्हणाल्या की दोष तुमचा नाही. उलट आम्ही आहार घेतला असता तर तो आम्हाला लागला असता. मग त्यांनी दशवैकालिक सूत्राचे पाचवे अध्ययन, पिंडैषणा, समजावून सांगितले. गोचरीला निघालेल्या साधूने काय घ्यावे, काय घेऊ नये याचे ते अध्ययन. त्यात स्पष्ट सांगितले आहे की बालकाला पाजणारी स्त्री त्याला रडत खाली ठेवून आहार देण्यास उठली, तर तो आहार साधूला कल्पत नाही. गर्भवतीसाठी केलेले पदार्थ तिचे खाऊन झाल्यावर उरले तरच घ्यावेत. दिवस भरलेली स्त्री साधूसाठी ऊठ-बस करीत असेल, तर तिच्या हातूनही घेऊ नये.

हे सूत्र कोणासाठी रचले गेले, तेही त्यांनी सांगितले. आर्य शय्यंभवांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांची पत्नी गर्भवती होती. पुढे त्यांचा पुत्र मनक बालवयातच पित्याच्या शोधात आला आणि दीक्षित झाला. त्याचे आयुष्य सहाच महिने उरले आहे हे जाणून, तेवढ्या अवधीत त्याला साधुजीवनाचे सार कळावे, यासाठी त्यांनी दशवैकालिकाची रचना केली. एका बालमुनीसाठी रचलेल्या सूत्रात तान्ह्या बाळाच्या दुधाची एवढी काळजी घेतलेली आहे, हे ऐकून मी स्तब्ध झाले.

धीर करून मी रात्रीच्या पाण्याचेही सांगितले. त्या म्हणाल्या की पच्चक्खाणाच्या पाठांतच आगार सांगितलेले असतात. चित्ताची समाधी टिकावी यासाठीही आगार आहे. शरीर मोडून, तान्ह्याला त्रास देऊन केलेले तप भगवंतांनी सांगितलेले नाही. बाळ मोठे झाले की चौविहार पुन्हा सुरू करा. तोवर त्याला पाजताना नवकार म्हणा. त्या रात्री मी दिवा लावून पाणी प्याले.

बाईंचे बोलणे

परतताना बाई वाटभर गप्प होत्या. घरी आल्यावर पाळण्याजवळ बसल्या आणि मारवाडीत बोलू लागल्या. त्यांच्या बोलण्याचा भाव असा: "माझ्या चारही बाळंतपणांत मला उठावे लागले. पंगत बसलेली असायची, मूल रडत असायचे, चोळी भिजून जायची. सासूबाई म्हणायच्या, रडून मूल मरत नसते. मी उठायचे. तुझ्या पहिल्या वेळी तू इकडे आलीस तेव्हा तुझ्याकडे बाटली होती. मला बरेच वाटले, की सून कामाला मोकळी झाली. साधूंनासुद्धा जे चालत नाही, ते आपण घरात इतकी वर्षे चालवले."

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. बाळ अंगावर असताना मला कोणी हाक मारायची नाही. पाहुणे येवोत, फोन वाजो, दूध उतू जावो. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवण्याचे काम यजमानांचे, ढेकर काढण्याचेही त्यांचेच. फडके आणून देण्याचे काम थोरल्या कन्येचे. कार्तिकात सहा महिने पूर्ण झाल्यावर जळगावचेच पिकलेले केळे कुस्करून उष्टावण केले. तोवर घरात डबा आला नाही. आज तो दीड वर्षाचा आहे आणि अजून पितो.

ज्या दानाला आपण श्राविकेचे परम भाग्य मानतो, तेही भुकेल्या बाळाचे दूध तोडून दिलेले असेल तर स्वीकारले जात नाही. मग पाहुण्यांचा चहा, दुकानाचा डबा, सणाचा स्वयंपाक यांची काय कथा? दूध आटण्याची कारणे आपण बाईच्या शरीरात शोधतो. माझ्या अनुभवाने सांगते, ती पुष्कळदा घराच्या रीतीत असतात.

घराबाहेरही

समाजाने मनावर घेतले की काय होते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बाळांना इतर मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून तेथे पाजले जाते. १९९२ च्या कायद्याने पर्यायी दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिराती व मातांना फुकट नमुने देणे यांवर बंदी आली. २००३ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे वाक्य त्या डब्यावर छापणेही बंधनकारक आहे. मी सात आठवडे तो डबा हाताळला. ते वाक्य वाचले मात्र नव्हते.

रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्यासाठी घरी गेलेल्या हिरकणीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्या नावाने एस.टी. स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' झाले. बसस्थानकावर जे होऊ शकते, ते आपल्या स्थानकांत, जैन भवनांत आणि मंगल कार्यालयांत का होऊ नये? खर्च फार नाही. एक आडोसा, एक टेकून बसण्याची जागा, एक पंखा आणि पाण्याचा तांब्या. तान्हे मूल आहे म्हणून किती सुना प्रवचनाला मुकतात, याची मोजदाद आपण कधी केलेली नाही.

आमच्याकडे त्याचा आरंभ नकळत झाला. त्या वर्षीच्या पर्युषणात बाईंनी स्थानकातील सतरंज्या ठेवण्याची लहान खोली झाडून घेतली आणि व्याख्यानाच्या वेळी मला तेथे बसविले. दार थोडे उघडे होते. अंतगड सूत्राचे वाचन स्पष्ट ऐकू येत होते. देवकी मातेचा शोक आला तेव्हा बाळ पीत होता. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आम्ही दोघी होतो. आठव्या दिवशी चौघी.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मी बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनीच आधी हात जोडले आणि "खमत खामणा" म्हणाल्या. कशाबद्दल, ते दोघींनाही ठाऊक होते. मग मी थोरल्या कन्येला जवळ घेऊन तिला "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले. तिला काही कळले नाही. तीही ते शब्द मला म्हणाली आणि धाकट्याच्या पाळण्याकडे पळाली.